थोरलीचं वय

“आजी, बसा ना इथे,” म्हणत ती मुलगी उठली, आणि बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी आजी नव्हती. एक जाडजूड गृहस्थ दांड्याला लोंबकळत पेंगत होते, आणि त्यांना काही कुणी आजी म्हटलं नसतं. म्हणजे आजी आपणच. एवढं उमगायला बाईंना बसचा एक अख्खा थांबा लागला, आणि तोवर ती मुलगी अर्धवट उभी, जागा धरून, हसत होती. न बसावं तर तिचा अपमान, बसावं तर आपला. बाई बसल्या. बसताना ‘थँक्यू बाळा’ असंही म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडचं ते ‘बाळा’ ऐकून त्यांना वाटलं, झालं, शिक्का बसला. तसं पाहिलं तर त्यात काय एवढं? साठीला टेकलेल्या बाईला आजी म्हणणं हा काही गुन्हा नव्हे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुली आज खऱ्याखुऱ्या आज्या आहेत, नातवंडांचे फोटो पाठवतात, आणि बाई त्यावर एक अंगठा उमटवून पुढे जातात. पण गेल्याच रविवारी लेकीचा फोन आला होता. ती दूर, दुसऱ्या शहरात. ‘आई, आम्हाला मूल नकोय, ठरलंय आमचं,’ असं तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगून टाकलं, आणि बाईंनी विचारलं, ‘कारण काय?’ शब्द साधेच होते, पण सूर असा की चाचणी फसल्यावर बैठकीत विचारतात तो. मग लेक म्हणाली, ‘जाऊ दे, तुला उशीर होत असेल.’ रविवारी कसला डोंबलाचा उशीर व्हायचा होता. तेव्हापासून बाईंनी मनाशी ठरवलं होतं की आजी हा शब्द आपल्यापुरता मिटला, आणि आज एका परक्या पोरीनं तो भर बसमध्ये हातावर ठेवला. खिडकीच्या काचेत त्यांना आपलं तोंड दिसत होतं, त्यामागून दुकानं आणि दिव्याचे खांब सरकत होते. गळ्याशी कातडी सैल झाली होती. हे कधी झालं, असं त्यांना वाटलं, आणि मग हसूही आलं, कारण हा प्रश्न त्या गेली तीस वर्षं पगार घेऊन सोडवत होत्या.

बाई शास्त्रज्ञ होत्या आणि त्यांचं खातं संरक्षणाचं होतं. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ‘सरकारी प्रयोगशाळेत असते’ एवढंच सांगायचं. जास्त खोदून विचारलं तर नवरा सांगायचा, ‘आमची ही भट्ट्या सांभाळते,’ आणि गल्लीतल्या काही लोकांची बरीच वर्षं अशी समजूत होती की बाईंची कुठेतरी बेकरी आहे. त्यात तसं खोटं काही नव्हतं. अग्निबाणाच्या नळीत घन इंधन भरतात. भरताना ते ओल्या सिमेंटसारखं दाट असतं, उबेत ठेवलं की गोठून खोडरबरासारखं होतं, आणि मग कधीतरी लागेल म्हणून वर्षानुवर्षं नळीत पडून राहतं. पडून पडून ते म्हातारं होतं. कडक होतं, आक्रसतं, नळीच्या भिंतीपासून सुटतं. त्या फटीत आग शिरली की जे क्रमाक्रमानं जळायचं ते एकदम पेट घेतं, आणि बाण जायच्या ऐवजी नळीच फुटते, सोडणाऱ्याच्या कानाशी. म्हणून ते किती वर्षं टिकेल हे आधीच कळलेलं बरं. पण वीस वर्षं टिकतं का हे बघायला वीस वर्षं थांबायची कुणाला सवड आहे? मग त्याचे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि घाईघाईनं म्हातारे करायचे. दहा अंश वाढवले की वय दुप्पट वेगानं धावतं, असा ढोबळ नियम. काही महिन्यांत काही वर्षं उरकतात. मग तुकडा काढायचा, यंत्रात दोन्ही टोकांनी ताणायचा, आणि किती लांबून तुटतो ते बघायचं. या कामामुळे बाईंच्या विभागाला अख्खी प्रयोगशाळा वृद्धाश्रम म्हणायची. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. उलट नवीन कुणी रुजू झालं की त्याच सांगायच्या, या, वृद्धाश्रमात स्वागत आहे, इथे तरुण येतात आणि लवकर बाहेर पडत नाहीत.

फाटकापाशी मोबाइल खणात ठेवायचा, खणाच्या नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, पास दाखवायचा. पासावरचा फोटो कधीच्या काळचा होता. पहारेकऱ्यानं रोजच्यासारखा तो न बघताच परत केला. आज बाईंना वाटलं, बघायला हवा होता. एकदा नीट बघून म्हणायला हवं होतं की ही मुलगी कुठाय, तिला आत पाठवा, तुम्ही थांबा. हे खण पाहिले की त्यांना एक दुपार आठवायचीच. लेक दहाएक वर्षांची असताना शाळेत झोपाळ्यावरून पडली होती, हात मोडला होता. नवरा दुसऱ्या शाळेत पोरांना भूगोल शिकवत होता, त्याच्याकडे मोबाइल नव्हता, त्याला कळवणार कोण. शाळेनं आईला फोन लावला. आई आत, फोन खणात. त्या दिवशी भट्टीतून तुकडे काढायची वेळ ठरलेली होती आणि वेळ चुकली की महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात. संध्याकाळी फाटकावरचा माणूस बिल्ला घेताना म्हणाला, “बाई, तुमचा खण दुपारभर वाजत होता.” तो बिचारा तरी काय करणार, कुणाचाही फोन उचलायचा नाही असा नियमच होता. बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा प्लॅस्टर घालून झालं होतं, आणि लेक रडत नव्हती. तिनं फक्त विचारलं, “थोरलीकडे होतीस ना?” रडली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटायचं.

आता ही थोरली कोण ते सांगायला हवं. बाईंनी स्वतःच्या हातानं ओतलेलं पहिलं इंधन म्हणजे थोरली. रसायन त्यांचं, प्रमाण त्यांचं, आणि त्या दिवशी ओतताना पोटात सातवा महिना. त्यांचे तेव्हाचे वरिष्ठ एक किरकोळ अंगाचे गृहस्थ होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. काचेआडून नळ्या भरताना बघत ते म्हणाले होते, “बाई, ही तुमची थोरली. घरी येईल ती धाकटी.” नाव चिकटलं. मग घरीही तेच बोलणं. आज उशीर होईल, थोरलीला बघायचंय. रविवारी जावं लागेल, थोरलीला बाहेर काढायचंय. याहून जास्त काही घरात सांगायची मुभा नव्हती, आणि याहून कमी सांगून नवरा ऐकत नव्हता. आणि लेकीनं काय समजून घेतलं, तर आपल्याला खरोखरच एक मोठी बहीण आहे, ती आईच्या ऑफिसात राहते. बालवाडीत तिनं बाईंना, म्हणजे तिच्या शिक्षिकेला, सरळ सांगून टाकलं की माझ्या ताईला आई भट्टीत ठेवते. पालकांना बोलावणं आलं. नवरा गेला. तो काय खुलासा करणार, कपाळ? आल्यावर पोट धरून हसला, आणि हसता हसता म्हणाला, “पण खरं सांगू का, पोरीचं म्हणणं असं आहे की ताईला घरी आण, म्हणजे तूही घरी येशील.” तेव्हा बाईही हसल्या होत्या. आता बसचा तो शब्द अंगावर घेऊन वृद्धाश्रमाच्या लांब बोळातून चालताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडेना. आयुष्यभर आपण एकीला जपलं आणि दुसरीला वाढू दिलं, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि वाढलेली आता म्हणत होती, मूल नको. कारण विचारायला तोंड कुठे होतं?

टेबलावर अहवाल तयार होता, फक्त शेवटचं मत लिहायचं बाकी होतं. दुपारच्या बैठकीच्या आत ते द्यायचं. थोरलीचं ठरवून दिलेलं आयुष्य या वर्षी संपत होतं, आणि तिला आणखी पाच वर्षं द्यायची की नाही, एवढाच सवाल होता. हो म्हटलं तर थोरली नळ्यांमध्ये शांत पडून राहील आणि बाई दोन वर्षांनी फुलांचा गुच्छ घेऊन घरी जातील. नाही म्हटलं तर सगळा साठा जाळायचा. आणि या प्रयोगशाळेत, कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली, पण कुणी कधी न मोडलेली एक रीत होती. इंधन ज्यानं ओतलं त्यानंच ते जाळायचं. बटण त्यानंच दाबायचं. तो निवृत्त होऊन गेलेला असेल तरच दुसऱ्यानं. बाईंनी गुरुजींना ते करताना पाहिलं होतं. त्या दिवशी गुरुजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटण दाबून ते परत आले, चहा घेतला, एकाची थट्टाही केली, आणि मग नोकरीचे उरलेले महिने खिडकीपाशी खुर्ची ओढून बसून काढले. कुणी काम नेऊन दिलं तर करायचे, नाही दिलं तर बाहेर बघायचे. बाईंना तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढं काय लावून घ्यायचं, रबर ते रबर, असं त्या नवऱ्यालाही बोलल्या होत्या. तरुणपणी माणसाला दुसऱ्याचं दुःख अळणीच लागतं. आता त्या खिडकीपाशी त्यांचंच टेबल होतं, आणि गुरुजी जे बघायचे ते त्यांनाही दिसायचं. एक भिंत, तिच्यावर काचा रोवलेल्या, आणि पलीकडे काही नाही.

आकडे चांगले होते. तसे ते वाईट असते तर प्रश्नच नव्हता. भट्टीतले तुकडे, थंड तळघरात जपून ठेवलेले तुकडे, सगळे मर्यादेच्या वर तुटत होते. काठावर पास, पण पास. नापास होता तो एकच, आणि अहवालात त्याला शेवटच्या पानावर एका ओळीत बसवलेलं होतं, ‘अपवादात्मक’ म्हणून. खऱ्या कोठारातून एकच नळी आणून कापली होती, तिचा तुकडा. बाईंनी कपाट उघडून दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, एक तळघरातला आणि एक कोठारातला. दोघी एकाच दिवशी ओतलेल्या, एकाच भांड्यातल्या, सख्ख्याहून सख्ख्या. त्यांनी पहिल्यावर अंगठा दाबला. दबला, आणि हळूच वर आला. दुसऱ्यावर दाबला. दबलाच नाही. कडेला, जिथे तो नळीच्या अस्तराला धरून असायला हवा होता, तिथे नख सहज आत गेलं. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. विभागात सगळ्यांनाच माहीत होतं. पण एका नमुन्यावरून काही ठरत नसतं, हे विज्ञान आहे, आणि या वाक्याआड बाई गेले काही आठवडे सुखानं राहत होत्या. आपला तो बाब्या, त्यातलीच गत. दुसऱ्या कुणाच्या इंधनाचा तुकडा असा निघाला असता तर त्यांनी त्याला बैठकीत उभा सोलला असता.

ते कोठार त्यांनी पाहिलं होतं. साठा थंड जागेत राहील असं कागदावर होतं, आणि सगळा हिशेब त्या गारव्यावर बेतलेला. थंडाव्याचं यंत्र बसवलंही होतं. ते कधीच बंद पडलं होतं, दुरुस्तीला माणूस येणार येणार म्हणत वर्षं गेली होती. पत्र्याचं छप्पर, भोवती उघडं माळरान, आणि भर दुपारी बाईंनी नळीला हात लावला तो झटकन मागे घेतला होता. तिथला राखणदार म्हातारा शिपाई होता, मिशीवाला, बोलका. फरशीवर पाणी मारत म्हणाला, ताई, इथं दुपारची पालसुद्धा फिरकत नाही. त्याची खोली कोठाराला लागूनच होती, बाहेर दोरीवर बायकोचं लुगडं वाळत होतं. निघताना त्यानं विचारलं होतं, “ताई, माल चांगला आहे ना? नाही म्हणजे, आम्ही शेजारीच झोपतो.” आणि बाईंनी सांगितलं होतं, चांगला आहे. तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं. वय मोजायची त्यांना सवय होती ती तारखेनं आणि हिशेबानं. पण कुणाला कुठे ठेवलं होतं, कुणाच्या डोक्यावर पत्रा होता आणि कुणाच्या डोक्यावर तळघराची गार भिंत, हे तारखेला कुठे कळतं? सकाळच्या त्या पोरीनं काही जन्मदाखला मागितला नाही. तिनं तोंडाकडे पाहिलं, खांद्यावरची पिशवी पाहिली, उभं राहायची तऱ्हा पाहिली, आणि उठली. बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना आत्ता, या क्षणी, कुणीतरी मागून खांदे धरावेत असं फार वाटलं. अशा वेळी काय करायचं असतं हे त्यांना कधी शिकायलाच मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही तुकडे पुसून परत कपाटात ठेवले. मग कोठारातला पुन्हा बाहेर काढला आणि रुमालात गुंडाळला.

प्रयोगशाळेचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते बाईंबरोबर एकाच दिवशी रुजू झालेले. एकेकाळी दोघं एकाच डब्यात जेवायची, एकमेकांना अरे-तुरे करायची. आता चारचौघांत अहो-जाहो. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. बैठकीत त्यांनी अहवालाची पानं उलटली आणि म्हणाले, आकडे तर तुमचेच आहेत, चांगले आहेत, मग मत का कोरं? बाईंनी रुमाल उघडला आणि तुकडा टेबलावर ठेवला. कुणी त्याला हात लावला नाही.

“एकच नमुना आहे हा, बाई,” साहेब म्हणाले. “शितावरून भाताची परीक्षा करायची असती तर एवढी यंत्रं कशाला घेतली असती?”

“आज सकाळी बसमध्ये मला एका मुलीनं आजी म्हटलं,” बाई म्हणाल्या. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं, आणि हसून पस्तावलं. “तिच्यापुढेही एकच नमुना होता.”

“मग?”

“मग काय. बरोबर होतं तिचं.”

बाईंनी अहवाल पुढ्यात ओढला आणि सांगितलं, थोरलीला पाच वर्षं द्यायची नाहीत, एकही द्यायची नाही, आणि तसं त्यांनी सगळ्यांसमोर लिहून सही केली. त्यांना वाटलं होतं आत काहीतरी तुटेल, पण तसं झालं नाही. फक्त गुडघे दुखत होते, आणि चहा हवा होता.

नंतर साहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावल्यावर ते पुन्हा जुने झाले. म्हणाले, “तुला कळतंय का, नवीन इंधन तयार व्हायला अजून किती अवकाश आहे? मधल्या काळात सीमेवरच्या त्या पोरांच्या हातात काय देऊ, काठ्या?” बाई म्हणाल्या, काठी निदान धरणाऱ्याच्या हातात फुटत नाही. पण हे बोलताना त्यांना माहीत होतं की हे उत्तर नाही. उद्या खरंच वेळ आली आणि नळ्या रिकाम्या असल्या, तर त्याचंही पाप आपल्याच माथी. इकडे आड तिकडे विहीर. तीस वर्षांत एकदाही थोरली लागली नव्हती, आणि लागली नाही हेच तिचं यश होतं. लागू नये म्हणूनच तर ती होती. असल्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसानं, मी काय केलं, असं कुणी विचारलं तर काय दाखवायचं? काही झालं नाही, ते मी केलं? साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, “दोन वर्षं कळ काढली असतीस तर निदान तुझ्या हातून तरी जळली नसती.”

“मग कुणाच्या हातून?” बाईंनी विचारलं. “काल रुजू झालेल्या पोरीच्या? ओतली मी आणि सुतक तिला?”

साहेबांनी स्वतःच्या हातानं थर्मासमधला चहा ओतून दिला. तो कोमट होता, आणि दोघांनी तो मुकाट्यानं संपवला.

जाळायच्या आधी साहेबांनी कोठारातल्या काही नळ्या मागवून मैदानात, लांब बंदोबस्तात उडवून पाहिल्या. बाईंना त्यांनी बोलावलं नाही, नंतर सांगितलं. बहुतेक नीट गेल्या. एक फुटली. अभिनंदन कुणी केलं नाही आणि करण्यासारखं नव्हतंही. बाईंना त्या फुटलेल्या नळीपेक्षा नीट गेलेल्यांचंच जास्त वाईट वाटत राहिलं. एवढ्या उन्हात, एवढी वर्षं, कुणाचं लक्ष नसताना, त्या टिकल्या होत्या. पण एकीमुळे आता सगळ्यांना जावं लागणार होतं, कारण कुठली कशी आहे हे बाहेरून सांगता येत नाही.

जाळायचा दिवस हिवाळ्यातला होता, सकाळची वेळ, ऊन कोवळं. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. तिथे पोचल्यावर त्यांना गुरुजींचा शर्ट आठवला, आणि आपण हे ठरवून केलं की आपसूक झालं, हे काही त्यांना ठरवता आलं नाही. नळ्यांतून कापून काढलेलं इंधन वाळूवर लांबच लांब पट्ट्यांत पसरून ठेवलं होतं, राखाडी, वाळत घातल्यासारखं. काँक्रीटच्या भिंतीआड सगळे उभे राहिले, आणि मग रीतीप्रमाणे बाकीचे मागे सरले. ती नवीन पोरगीही मागे सरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, बघून कळलं असावं. बटण साधंच, दारावरच्या घंटीएवढं. बाईंना लेकीचं लहानपणचं वाक्य आठवलं, ताईला घरी आण. त्यांनी दाबलं. क्षणभर काही झालं नाही, आणि तेवढ्या क्षणात त्यांच्या मनात येऊन गेलं, नको पेटूस. मग ती पेटली. डोळ्यांना सहन होईना असा पांढरा उजेड, एकच मोठा फूत्कार, आणि धूर सरळ वर, शुभ्र. कुठे अडली नाही, कुठे विझली नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी जळत गेली. ज्या कामासाठी तिला घडवलं होतं ते, म्हणजे जळणं, तिनं शेवटी करून दाखवलं, आणि बघायला होते ते दहाबारा पगारी लोक. अहाहा, काय जळली, असं बाईंच्या मनात आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. वाळूवर काळे पट्टे राहिले. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

त्यांना लवकर घरी जायला सांगण्यात आलं. फाटकापाशी बिल्ला देऊन त्यांनी खणातून फोन घेतला आणि थांब्याकडे चालू लागल्या. दुपार होती, कामाचा वार. अशा वेळी या रस्त्यावरून त्या कधी चालल्याच नव्हत्या, सावल्यासुद्धा ओळखीच्या वाटेनात. थांब्यावर कुणी नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला. दुसऱ्याच घंटीला तिनं उचलला, आणि तिचा आवाज घाबरलेला होता.

“आई? या वेळेला? बाबा बरे आहेत ना?”

बरे आहेत, झोपले असतील, असं बाईंनी सांगितलं. मग काय बोलायचं ते सुचेना. गुपित पाळून पाळून जिभेला वळणच तसं पडलं होतं. बोलायच्या आधी तिथे कुणीतरी पास तपासायचं.

“थोरली गेली आज,” त्या म्हणाल्या.

कित्येक वर्षांत हा शब्द त्या दोघींमध्ये आला नव्हता. बाईंना वाटलं, आता ही हसेल, किंवा विचारेल, कोण थोरली. लेकीनं माणसाबद्दल विचारावं तसं हळूच विचारलं, “कशानं गं?”

“वय झालं होतं.”

“तू होतीस तिथे?”

“मी होते,” बाई म्हणाल्या. “तिथे मी होते.” आणि मग, थांबलं तर राहूनच जाईल म्हणून, घाईघाईनं म्हणाल्या, “त्या रविवारी मी तुला कारण विचारलं ना, ते राहू दे. मला ते विचारायचंच नव्हतं. तू बरी आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.”

लेकीच्या मागे ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी दुरून तिला हाक मारली, आणि तिनं ‘थांब, आईचा फोन आहे’ असं म्हटलेलं बाईंना ऐकू आलं. मग ती परत फोनवर आली.

“आई, तू दमलीस का गं?”

याचं उत्तर बाईंच्या ओठांवर कायमचं तयार असायचं. छे गं, मला काय धाड भरलीय. तीस वर्षं कुणीही विचारलं की तेच द्यायचं, आणि बहुतेक कुणी विचारतही नसे. तेच त्या आताही म्हणायला गेल्या, आणि ते बाहेर येईना.

“हो,” त्या म्हणाल्या. “खूप दमले.”

“मग बस ना जरा कुठेतरी,” लेक म्हणाली. “मी आहे फोनवर.”

थांब्यावर एक बाकडं होतं, कडेला रंग उडालेलं, उन्हानं तापलेलं. बाई त्यावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. थोड्या वेळानं त्यांची बस आली, दार उघडून क्षणभर थांबली, ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातानंच, जा, असं सांगितलं.